कुंदा

(दृश्य : उन्हाळ्यातलं वावर. सब्बलीनं ढेकळं उकरणारे हात.)

यवतमाळ जिल्ह्यातलं हे वावर. पऱ्हाट्या उपटून झाल्या, आता कुंदा खोदणं चाललंय. वर दिसतो मूठभर गवताचा झुबका, पण सब्बल खाली खाली जातच राहते. काका म्हणतात, "एक कांडी रायली तरी वावर भरून टाकते."

(दृश्य : सूक्ष्मदर्शक. गुलाबी-जांभळी काचपट्टी.)

हा ग्लिओब्लास्टोमा, मेंदूतला कर्करोग. गाठीला कड शोधून पाहा, सापडत नाही. अमेरिकेतले मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोलच काढून टाकला होता, १९२८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तरी आजार परतला.

याचं बेणं कुठलं? २००४ मध्ये टोरांटोत पीटर डर्क्स यांच्या गटानं सीडी१३३ ही खूण (पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन) असलेल्या जेमतेम शंभर पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या. गाठ उगवली. खूण नसलेल्या लाखभर पेशींतून मात्र उगवली नाही. ही खूण सगळीकडे लागू पडत नाही, हे पुढे कळलं. गाठ पुन्हा उगवणाऱ्या अशा पेशींसाठी मूळपेशी हा शब्द मात्र टिकला.

(दृश्य : त्याच काचपट्टीचा कोपरा, जवळून.)

आता इथे पाहा. या बारक्या पेशी गाठीच्या नाहीत. या मायक्रोग्लिया, मेंदूचे कोतवाल. रक्तातून आलेल्या भक्षकपेशी धरल्या तर कधीकधी गाठीचा तिसरा हिस्सा यांचाच असतो. गाठच त्यांना सीएसएफ-१ नावाचा रेणू सोडून बोलावते. कोतवाल येतात आणि निरोप्या प्रथिनांची दवंडी देतात : टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६, टीजीएफ-बीटा. खरं तर ही जखमेच्या वेळची दवंडी, डागडुजीसाठीची. टीएनएफ-अल्फा गाठीच्या पेशीत एनएफ-कप्पा-बी ही जनुकं चालू करणारी कळ जागी करतो, पेशीची चाल बदलते. टीजीएफ-बीटा ऐकून मूळपेशी एमएमपी-९ हे विकर जास्त बनवतात. ते भोवतालचं जाळं कापतं, आणि पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेनं, श्वेतद्रव्याच्या तंतूंवरून सरकत दूर निघतात. उंदरांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत टीजीएफ-बीटाची ही वाट अडवली, तर हे सरकणं मंदावतं.

म्हणजे राखणदारच वाट करून देतोय. मला यात सगळ्यात बोचतं ते हेच.

(दृश्य : एसटी थांबा. हातात फिल्मची पिशवी.)

शस्त्रक्रिया, किरणोपचार, टेमोझोलोमाइड हे औषध. एवढं सगळं करूनही निम्मे रुग्ण साधारण पंधरा महिन्यांपलीकडे जात नाहीत.

(दृश्य : ओसरी. खिळ्याला टांगलेली तीच पिशवी. निवेदन नाही.)