घरातली बंदूक, रेंजवरची रायफल

(दृश्य: रात्र. कोकणातलं कौलारू घर, पडवीत मंद दिवा, आत गणपती.)

निवेदन :

गणपतीत कोकणातलं घर माणसांनी भरतं. भजन आटोपलेलं असतं, उसळीची पातेली रिकामी झालेली असतात, झोप मात्र कोणालाच येत नसते. अशाच एका रात्री मुंबईहून आलेला पुतण्या पडवीत काकांच्या बाजूला बसतो आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरतो. पडद्यावर एक काळी रायफल आहे. कोणीतरी परदेशी माणूस ती खांद्याला लावून गोळीमागून गोळी झाडतोय.

पुतण्या म्हणतो, "काका, अशी एक घेऊया. सुट्टीत आलो की नेमबाजी करता येईल. आणि एरवी तुम्ही दोघंच असता इथे, घराला आधार होईल."

काका चष्मा लावतात, नीट बघतात आणि विचारतात, "ही खंय गावता रे?"

कुठे मिळते? हा व्हिडिओ त्या प्रश्नापासून सुरू होतो. पुतण्याच्या बोलण्यात मौजही आहे आणि काळजीही. ती काळजी पोकळ नाही. गणपती गेले की हे घर रिकामं होतं. आठ खोल्यांत दोन म्हातारी माणसं उरतात, घराभोवती माडा-पोफळीची बाग, शेजारचं घर गडग्यापलीकडे आणि वर पाखाडी चढून. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी घरं वाडीवाडीत आहेत. त्यामुळे सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी, हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीने काढलेली रायफलची आकृती.)

आधी हे हत्यार काय आहे ते पाहू. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे धडधड गोळ्यांचा वर्षाव, असा समज सिनेमांनी करून दिलाय. तसं नाही. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र तिच्या दारूच्या दाबातला थोडा जोर रायफल पुढच्या कामाला लावते. काही रायफलींत नळीतला वायू वळवून घेतलेला असतो, काहींत नुसता मागे येणारा दणका पुरतो. त्या जोराने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दट्ट्या, मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि परत येताना मॅगझिनमधलं, म्हणजे काडतुसांच्या पेटीतलं, नवं काडतूस नळीत बसवतो. हाताने काही करावं लागत नाही. चाप सोडायचा, पुन्हा ओढायचा. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ती पूर्ण ऑटोमॅटिक. ते लष्कराचं हत्यार.

अमेरिकेत या जातीच्या दोन रायफली घरोघरी माहीत आहेत. एक रुगर १०/२२. ती १९६४ मध्ये बाजारात आली. .२२ बोअरची, म्हणजे .२२ इंच रुंदीच्या नळीची, बारीक गोळी, दहा काडतुसांचं गोल फिरणारं मॅगझिन. तिथली मुलं नेम धरायला हिच्यावर शिकतात. दुसरी एआर-१५. नावातलं एआर म्हणजे आर्मालाइट रायफल, ज्या कंपनीने ती घडवली तिचं नाव. पुतण्याच्या मोबाइलवर हीच होती. मौजेची नेमबाजी आणि घराचं रक्षण ही दोन्ही कामं एकाच रायफलीवर सोपवणारे लोक तिकडे खूप आहेत. पुतण्याच्या डोक्यात ही कल्पना तिथूनच आली.

आपल्याकडे मात्र कायद्यानेच ही दोन कामं वेगळी करून ठेवली आहेत. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या तेराव्या कलमात परवाना कोणत्या हत्याराला आणि कशासाठी, हे लिहिलंय. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची, म्हणजे आत रायफलीसारखे पीळ नसलेली बंदूक, नळी किमान वीस इंच लांब. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. आणि रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी .२२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल. म्हणजे घर राखायचं तर एक वस्तू, नेमबाजी करायची तर दुसरी. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते जुन्या काळाचं वाटलं होतं. कोकणातल्या वाड्यांतून हिंडल्यावर वाटतं, ज्याने ते लिहिलं त्याला जमिनीची जाण होती.

आणि मोबाइलमधल्या त्या रायफलीचं काय? सेमी-ऑटोमॅटिक रायफली आपल्याकडे निर्बंधित हत्यारांत येतात. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं लष्करी काडतूस जिच्यात चालू शकतं अशी कोणतीही रायफल, हाताने बोल्ट ओढायची असो वा सेमी-ऑटोमॅटिक, तीही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. जिल्हाधिकारी तिचा परवाना देऊ शकत नाहीत. म्हणून तर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात नागरिकांसाठी .३१५ बोअरची वेगळी बोल्ट रायफल बनते. परदेशी रायफल आयात करायची सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. तेव्हा काकांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की ती रायफल इथे गावत नाही.

पण समजा, मिळाली असती. तरी ती या घरासाठी घ्यावी का? मला वाटतं, खरा विचार इथे करायला हवा.

(दृश्य: सकाळ. काका माळ्यावरून कापडात गुंडाळलेली बंदूक काढतात.)

या घरात एक बंदूक आहेच. काकांच्या वडिलांची, एकनळी, बारा बोअर. बारा बोअर म्हणजे काय, हे काकांनाही कोणी सांगितलं नव्हतं. या नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. परवाना वडिलांच्या नावचा होता, मग काकांच्या नावावर झाला. रानडुकरांनी भाताचा चुराडा करायला सुरुवात केली की हवेत एक बार काढायचा, एवढंच तिचं काम. वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारता येत नाही हे काका जाणून आहेत.

जवळून बघा. खटका दाबला की नळी बिजागरीवर पुढे झुकते. काका काडतूस नाही याची बोट घालून खात्री करतात, मग नळीचं तोंड दाराकडे करून मागून आत बघतात. सकाळचा उजेड नळीतून आरपार येतो. आतला पोलाद आरशासारखा दिसला पाहिजे. आज तो तसा दिसत नाही, तोंडाजवळ तांबूस ठिपके आहेत. खारा वारा. समुद्र इथून दीड मैलावर आहे, तरी तो इथपर्यंत येऊन लोखंड खातो. काका गजाला चिंधी बांधतात, आत-बाहेर फिरवतात. चिंधी तांबडी होऊन बाहेर येते. दुसरी चिंधी, तिसरी, चौथी. शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात. खोबरेल लावू नका, असं ते आम्हाला बजावून सांगतात. ते पुढे चिकट होतं आणि खटका अडकतो. आणि पावसाळ्यात बंदूक रेक्झिनच्या कव्हरात कधीच ठेवायची नाही. आतली ओल बाहेर जात नाही आणि दस्त्यावर बुरशी चढते.

ही झाली एकच नळी आणि एकच खटका असलेली बंदूक. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत बोल्ट आहे, त्याच्या स्प्रिंगा आहेत, मॅगझिनची स्प्रिंग आहे, वायूचं बारीक भोक आहे. जून ते सप्टेंबर या हवेत तिची रोजची निगा राखायला घरात तरणा माणूस हवा. तो तर मुंबईत आहे.

आता अंतराचं बोलू. .२२ ची गोळी शेंगदाण्याएवढीसुद्धा नसते. पण तोंड वर करून झाडली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मोठ्या बोअरच्या रायफलीची गोळी त्याच्या दुप्पट-तिप्पट. या घराच्या पडवीत उभं राहून दीड किलोमीटरचं वर्तुळ आखलं तर त्यात काय काय येतं? तीन वाड्या, शाळा, देऊळ, खाडीवरचा साकव, कालवं काढायला उतरलेल्या बायका. अंधारात बागेत खुडबुड ऐकून झाडलेली गोळी माडाच्या झावळीतून सहज पार होते आणि पलीकडे कोण आहे हे तिला कळत नाही. जांभ्याच्या चिऱ्यावर आपटली की उसळते. खाडीच्या पाण्यावर तिरकी पडली तरी उसळते, लहानपणी आपण चपटा दगड पाण्यावरून उडवायचो तशी. बारा बोअरचे छर्रे काही शे मीटरांत दम टाकतात. कायद्याने संरक्षणासाठी गुळगुळीत नळीच सांगितली, ती उगाच नाही.

आणि भीतीचं काय? काकींनी ती बोलून दाखवली, काकांनी नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीत रात्री घर फोडलं होतं. तेव्हापासून वारा दाराला लागला तरी त्या उठून बसतात. आम्ही त्यांना विचारलं, बंदूक घरात आहे म्हणून बरं वाटतं का? त्यांनी थेट उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, ती माळ्यावर असते, काडतुसं कपाटात, किल्ली यांच्याकडे, आणि यांना रात्री चष्म्याशिवाय दिसत नाही.

हत्यार आणि काडतूस वेगळं ठेवायलाच हवं, नाहीतर घरातल्या नातवंडांच्या हाती काय पडेल सांगता येत नाही. पण म्हणूनच रात्री दोन वाजता त्या बंदुकीचा भरवसा धरता येत नाही. शिवाय निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. २०२४ मध्ये लोकसभेचं मतदान इथे ७ मे रोजी झालं, ऐन आंब्याच्या हंगामात. आणि स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे खरा, पण तो गरजेपुरताच आहे. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तिला संरक्षण म्हणणं कठीण होतं.

काकींसाठी त्या गणपतीत जे झालं ते साधं होतं. खळ्याच्या चारही कोपऱ्यांना दिवे लागले, बटण त्यांच्या उशाशी आलं. मागच्या दाराला आतून लोखंडी आडणा बसला. फोनमध्ये ११२ आणि पोलीस पाटलांचा नंबर वर आला. कुत्रा होताच, त्याची साखळी रात्रीची सुटली. पुतण्याने हे सगळं दोन दिवसांत केलं, आणि रायफलीच्या किमतीच्या मानाने त्याला फारच थोडा खर्च आला.

(दृश्य: रेंज. दहा मीटरवर पांढरं टार्गेट, मधोमध काळं वर्तुळ.)

राहिली नेमबाजी. हौस खरी असेल तर ती दाबायची कशाला? कणकवलीवरून फोंडाघाट चढून गेलं की राधानगरी तालुका लागतो. त्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेऊन गेला. त्या प्रकारात भारताचं हे पहिलंच पदक. त्याच्या हातातली रायफल सेमी-ऑटोमॅटिक नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. गुडघ्यावर, पालथं आणि उभं, अंतिम फेरीच्या चव्वेचाळीस गोळ्यांत त्याने ४५१.४ गुण घेतले. सेमी-ऑटोमॅटिक हत्यार ऑलिंपिकमध्ये दिसतं ते २५ मीटरच्या स्पर्धांत, आणि तेही पिस्तूल.

सुरुवात करणाऱ्याने मला विचारलं तर मी .१७७ ची एअर रायफल सांगेन. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार छर्र्याचा जोर २० ज्यूलपर्यंत असलेल्या अशा रायफलीला परवाना लागत नाही. पण ती घेऊन बागेत माकडांवर छर्रे झाडू नका. मांसात रुतलेला छर्रा जनावराला महिनोन्‌महिने सडवतो. क्लबात जा. पनवेलला सुमा शिरूर यांचा क्लब आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत त्या होत्या. तिथून पुढे .२२ कडे जायचं तर क्लबचं सदस्यत्व आधीच हातात असतं.

पुतण्या खरंच एका क्लबात जायला लागला. पहिल्या दिवशी त्याला छर्रा दिलाच नाही. पाय किती अंतरावर, डावं कोपर कमरेच्या हाडावर कसं टेकवायचं, श्वास अर्धा सोडून कुठे थांबवायचा. साडेपाच किलोपर्यंतची रायफल धरून तासभर नुसतं उभं राहायचं. समोर दहाचा ठिपका, अर्ध्या मिलिमीटरचा. मोहरीपेक्षा बारीक.

दिवाळीत तो गावी आला तेव्हा त्याच्या पाकिटात पहिलं टार्गेट कार्ड होतं. दहा छर्रे. सहा काळ्यात, दोन कडेला, दोन पांढऱ्यात भरकटलेले. काकांनी ते घेतलं, दारात गेले, आणि नळी धरतात तसं उजेडासमोर धरून एकेका भोकातून आत येणारा उजेड बघत बराच वेळ उभे राहिले.