रिमोट, कात्री आणि फ्रँकेन्स्टाईन

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय पत्रिकेत छापलाय तसा भारदस्त आहे : 'भयकादंबऱ्या आणि आजचे बालचित्रपट'. त्यात 'फ्रँकेन्स्टाईन' आणि 'ड्रॅक्युला', दोन्ही येणार असं मी संयोजकांना कबूल केलंय. बघू, किती जमतंय ते.

आधी एक तक्रार. आमच्या सोसायटीत गणपतीत मुलांसाठी सिनेमा लावायचा ठरलं. मी सुचवला टिम बर्टनचा २०१२ चा 'फ्रँकनवीनी'. कृष्णधवल, बाहुल्या वापरून केलेला. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन नावाचा शाळकरी मुलगा, स्पार्की त्याचा कुत्रा. स्पार्की गाडीखाली येतो, व्हिक्टर विजेच्या लोळाने त्याला उठवतो. रिमोट होता एका काकांकडे. प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतात, आणि हसू नका, या सभागृहातही असतील. कुत्रा रस्त्याकडे धावला आणि काकांनी सिनेमा पुढे पळवला. थेट दफनभूमी! पोरं म्हणाली, मेला कसा? काका म्हणाले, गप्प बसा, बघा पुढे. मग कुजबुज सुरू. एक म्हणे विष घातलं. दुसरा म्हणे त्याच्या बाबांनीच मारला. माझ्या शेजारची चिमुरडी रडायलाच लागली. बिचाऱ्या बाबांचा काही संबंध नाही हो! म्हणजे संबंध आहे, मुलाने खेळात भाग घ्यावा हा आग्रह त्यांचाच, आणि चेंडूमागे कुत्रा धावतो. पण ते वेगळं.

या काकांचे पूर्वज १९३१ साली अमेरिकेत सेन्सॉरमध्ये बसलेले होते. जेम्स व्हेलचा 'फ्रँकेन्स्टाईन', फ्रँकेन्स्टाईन नावाच्या शास्त्रज्ञाने मढ्यांच्या तुकड्यांतून घडवलेला राक्षस झालाय बोरिस कारलॉफ. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याला फुलं देते, दोघं ती पाण्यात सोडतात, फुलं तरंगतात. फुलं संपतात. त्याला वाटतं, हीसुद्धा तरंगेल, आणि तो तिला उचलून पाण्यात टाकतो. घाबरतो, पळतो. हे फेकणं अनेक ठिकाणी कापलं गेलं. मग प्रेक्षकांना काय दिसायचं? राक्षसाचे हात मुलीकडे जातात, आणि पुढे बाप तिचं प्रेत उचलून गावातून चालतोय. मधल्या जागेत ज्याने त्याने जे भरलं, ते मूळ दृश्यापेक्षा भयंकर होतं. ते तुकडे परत जोडायला १९८० चं दशक उजाडलं.

आता माझा मुद्दा. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत ही मुलगी आहे, पण उलटी. ती पाय घसरून नदीत पडते आणि राक्षस तिला वाचवतो. बक्षीस काय? तिच्यासोबतचा माणूस तिला हिसकावून घेतो आणि याला गोळी घालतो. सूड घ्यायची शपथ तो तिथे घेतो. मोठ्यांच्या सिनेमाने वाचवणाऱ्याला बुडवणारा केला. आणि पोरांच्या सिनेमात? पेटलेल्या पवनचक्कीतून स्पार्की व्हिक्टरला ओढून बाहेर काढतो, तोच स्पार्की, ज्याच्यामागे गाव मशाली घेऊन लागलेलं असतं. पवनचक्की जुन्या सिनेमातली, पण न्याय कादंबरीतला. ज्याला आपण 'लहान मुलांसाठी सौम्य केलेलं' म्हणतो, ते मूळ पुस्तकाच्या जास्त जवळ गेलं.

एक मोठा फरक मात्र आहे. कादंबरीतला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन, आपण घडवलेला जीव डोळे उघडतो त्या क्षणी पळून जातो. पुस्तकातली खरी भीती ती आहे, मढं उठण्याची नव्हे. इथला पोरगा पळत नाही. स्पार्की शेपूट हलवतो आणि ती गळून पडते, तर हा म्हणतो, दुरुस्त करतो! म्हणजे रक्त ठेवलं नाही हे ठीक, पण घडवून टाकून देणारा बापही काढून टाकला. ती मला चोरी वाटते. (चिठ्ठी आली. सात मिनिटं. अध्यक्ष, ड्रॅक्युला अजून वाड्यातच आहे!)

घाईत सांगतो. ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला रक्तपिपासू ड्रॅक्युला, १८९७, उन्हाने मरत नाही. शक्ती घटते, पण लंडनच्या पिकॅडिलीत तो दिवसाढवळ्या फिरतो. उन्हात विरून जाणं १९२२ च्या 'नोसफेराटू' या मूकपटातून आलं. 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया' या पोरांच्या ॲनिमेशनपटात, २०१२, ड्रॅक्युलाला ऊन बाधतं ते म्हणून. कादंबरीत ड्रॅक्युलाच्या वाड्यात अडकलेल्या जोनाथन या वकिलाला पळायचंय, इथे ड्रॅक्युलाच जोनाथन नावाच्या पोराला हाकलतोय, कारण पोरगी त्याच्या प्रेमात पडलीय. बायकोला माणसांच्या जमावाने मारलेलं, म्हणून बाप हॉटेल बांधून मुलीला कोंडतो. भुताला माणसांची भीती. मशालींचं गाव पुन्हा आलंच.

आणि कादंबरीत वाड्यातल्या रक्तपिपासू बायकांपुढे ड्रॅक्युला पिशवीतून कोवळं पोर टाकतो. इथे तोच लेकीला कडेवर घेऊन फिरतो. हे मला आवडतं की नाही, ते अजून ठरत नाहीये. कादंबरीतल्या लूसीचं राहिलंच, ड्रॅक्युलाने रक्त पिऊन मारलेली तरुणी, मेल्यावर रात्री मुलांना फूस लावून नेते ती. बरं, घ्या प्रश्न. मागच्या रांगेतून आधी.