मंगळवारी दुपारी तू काय करतेस?

नमस्कार मंडळी. हा माझा अंगठा बघा. पिवळा दिसतोय ना? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात बसतो मी. सकाळचे सौदे आटोपले, की दुपारी तीनच्या सुमाराला वर पंखा फिरतो तेवढाच. मग मोबाइल हातात येतो. त्यात एक दिवस शाळेतली मैत्रीण दिसली, कॅनडात, गुडघाभर बर्फात उभी. फोटो मोठा करून बघताना तिच्या पांढऱ्याशुभ्र बर्फावर माझ्या अंगठ्याचा पिवळा डाग पडला. तो पुसता पुसता पोटात कालवाकालव झाली. तिचं वाईट व्हावं असं मुळीच मनात नव्हतं. पण वाटलं, जगतेय ती, आपण नुसते दिवस ढकलतोय.

हे असं का होतं, ते सांगतो. डेव्हिड श्केड आणि डॅनिएल काहनेमन या दोन अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या मिळून जवळपास २००० विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? दोन्हीकडचे सारखेच निघाले. पण ‘जास्त सुखी कोण?’ म्हटल्यावर दोन्हीकडच्यांचा अंदाज एकच होता, कॅलिफोर्नियावाले. कारण तुलना करायला बसलं की तिथली छान हवाच डोळ्यांत भरते. रोज जगताना मात्र हवेकडे कोण बघतं? परीक्षा असते, घरभाडं असतं, कुणाशी तरी बिनसलेलं असतं.

माझंही तेच. मला फक्त बर्फ दिसत होता.

म्हणून मी तिला फोन करून सरळ विचारलं, “मंगळवारी दुपारी तू काय करतेस?” ती म्हणाली, “अरे, सुट्टी असते माझी. तळघरात कपडे धुवायचं मशीन रिकामं व्हायची वाट बघत बसते. मग संध्याकाळी चित्रकलेच्या क्लासला जाते.”

मशीनपर्यंत मी हसत होतो. क्लासचं ऐकलं आणि परत टोचलं. तिथं मला कळलं, बर्फ नकोच होता. शाळा सुटल्यापासून मी नवीन काही शिकलोच नव्हतो, ते सलत होतं.

‘आहे त्यात समाधान मान’ हा सल्ला मला पटत नाही. समोरच्याचा अख्खा मंगळवार ऐकूनही जे हवंसं वाटतं, ते खरंच हवं असतं. कुणाला ते गाव सोडून जाणं असेल. त्यांनी जरूर जावं.

मला दहा किलोमीटर पुरले. मिरजेत भोपळ्यापासून सतारी, तंबोरे घडवणारी घराणी आहेत. त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. लहानपणापासून त्या गल्लीवरून जायचो, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता दर मंगळवारी मिरजेला सतार शिकायला जातो. ही बघा, डाव्या बोटावर तारेची काळी रेघ. सूर अजून हलतो माझा, हात आखडतो. पण दुपारी तीन वाजता मनात तेच घोळत असतं.

आज मंगळवारच आहे. सव्वापाचची बस गाठायचीय, निघतो.