शितावरून भाताची परीक्षा

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर २०१६. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार हिलरी क्लिंटन आणि डोनाल्ड ट्रम्प यांची पहिली डिबेट नुकतीच झाली होती. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीनं एक लिंक पाठवली. ‘मामा, कोण भारी पडलं? मत द्या ना.’ मी इथे साताऱ्यात बसून बोट टेकवलं आणि मत नोंदलं गेलं. मग मामीच्या फोनवरून पुन्हा दिलं, तेही गेलं.

अशा बऱ्याच ऑनलाइन कौलांत तेव्हा ट्रम्प पुढे होते. त्याच रात्री सीएनएननं डिबेट पाहिलेल्या नोंदणीकृत मतदारांना फोन करून विचारलं, तर ६२ टक्के म्हणाले क्लिंटन आणि २७ टक्के म्हणाले ट्रम्प.

नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले. भाचीचा लगेच फोन, ‘बघा मामा, लिंकवालेच खरे निघाले!’ मुद्दा रास्त होता, पण मला तो पटला नाही. देशभरात क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली होती. पण तिथे निकाल राज्यवार ठरतो. तो फिरला पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये, आणि या तिन्ही राज्यांतली आघाडी मिळून ७८ हजारही भरत नव्हती. बोट टेकवणारा पेनसिल्व्हेनियातला की साताऱ्यातला, हेच ज्या कौलाला कळत नाही, त्याला हे कुठून दिसणार? शिवाय २००८ च्या निवडणुकीआधी असेच कौल रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीचे एक इच्छुक रॉन पॉल यांना वारंवार जिंकवत होते. त्यांचे समर्थक जिद्दीचे, लिंक दिसली की धावून जाणारे. प्रत्यक्षात उमेदवारी मिळाली ती जॉन मॅकेन यांना.

‘पण लाखो लोक मत देतात की!’ असं पुष्कळांना वाटतं. त्यांना मी १९३६ सालाकडे नेतो, अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट आणि त्यांचे प्रतिस्पर्धी लँडन यांच्यातल्या निवडणुकीकडे. ‘लिटररी डायजेस्ट’ या तिथल्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. तेवीस लाखांवर परत आल्या. आधीच्या पाच निवडणुकांत त्यांचा अंदाज खरा ठरला होता. या वेळी ते म्हणाले, लँडन ५७ टक्के मतं मिळवून जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतले होते, आणि मंदीच्या त्या दिवसांत फोन-मोटार खात्यापित्या घरातच असायची. त्यातही रूझवेल्टवर चिडलेल्यांनी उत्तरं अधिक उत्साहानं धाडली. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी माणसांना विचारून रूझवेल्टच येणार हे सांगितलं होतं.

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. पण जाणती बाई आधी पातेलं खालपर्यंत ढवळते, मग शीत चेपते. वरवरची मूठभर शितं चेपली, तरी तळाचा भात कच्चा की करपलेला हे कळत नाही.

मात्र ऑनलाइन कौल म्हणजे सगळा टाकाऊ, असंही मी म्हणणार नाही. २०१२ साली काही संशोधकांनी एक्सबॉक्सवर, म्हणजे व्हिडिओ गेमच्या यंत्रावर, मतदारांना विचारलं. उत्तर देणाऱ्यांत ९३ टक्के पुरुष, ६५ टक्के तिशीच्या आतले! तरी त्यांनी खऱ्या मतदारांत ज्या गटाचा जेवढा वाटा, तेवढंच वजन त्याच्या उत्तरांना दिलं आणि अंदाज उत्तम आला. ते जमलं, कारण त्यांनी प्रत्येकाला आधी विचारलं होतं: वय काय, स्त्री की पुरुष, राज्य कोणतं, मागच्या खेपेला मत कुणाला.

भाचीच्या त्या लिंकनं मला यातलं काहीच विचारलं नव्हतं.