शेवटून पहिला

मंडळी, ८ जानेवारी २०२३ रोजी इंडियानापोलिसमध्ये जे घडलं, तिथून सुरुवात करतो. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्या साखळी सामन्यांचा तो शेवटचा दिवस. ह्यूस्टन टेक्सन्सनी तोवरच्या सोळा सामन्यांत फक्त दोन जिंकले होते. समोर इंडियानापोलिस कोल्ट्स. टेक्सन्स सात गुणांनी मागे, घड्याळात जेमतेम मिनिट उरलेलं, शेवटची संधी आणि गाठायचे होते वीस यार्ड. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, डेव्हिस मिल्सने चेंडू लांब फेकला, जॉर्डन एकिन्सने तो झेलला आणि टचडाउन झाला, म्हणजे सहा गुण. टचडाउननंतर मिळणाऱ्या जादा प्रयत्नात एक गुण घेऊन बरोबरी साधता आली असती. पण त्यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला आणि तोही साधला. ३२-३१.

मैदानावर खेळाडू नाचत होते. आणि त्याच क्षणी त्यांच्या संघाच्या हातून येत्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक निसटला होता.

हा क्रमांक काय असतो, ते सांगतो. दर एप्रिलमध्ये एनएफएलचे ३२ संघ कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू निवडतात. फेऱ्या सात. आयपीएलच्या लिलावात सगळ्यांना खर्चाची मर्यादा सारखी आणि ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. इथे बोलीच नाही. संघ एकामागून एक नाव घेतो आणि त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क लीगमध्ये फक्त त्याचाच होतो. म्हणून सगळं महत्त्व रांगेला. आणि ही रांग मुद्दाम उलटी लावलेली आहे: जो सर्वांत जास्त हरला, तो सर्वांत पुढे. आपल्याकडे वर्गातल्या ढ पोराला 'शेवटून पहिला' म्हणून हिणवतात. इथे शेवटून पहिला येणारा खरोखरच पहिला असतो.

ही कल्पना बर्ट बेल यांची. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक होते आणि त्यांचा संघ सतत हरत होता. चांगला खेळाडू कॉलेजातून बाहेर पडला की शिकागो बेअर्स किंवा न्यूयॉर्क जायंट्ससारखे जिंकणारे, पैसेवाले संघ त्याला उचलून न्यायचे. १९३५ साली बेल यांनी मालकांच्या बैठकीत ही उलटी रांग मांडली. मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की बेअर्सचे जॉर्ज हॅलस आणि जायंट्सचे टिम मारा यांनी होकार दिला. नुकसान त्यांचंच होणार होतं. पण लीग टिकली तरच आपण टिकू, हे त्यांना कळलं होतं. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला. तेव्हा संघ नऊच. पहिलं नाव बेल यांच्याच ईगल्सनी घेतलं, जे बरवँगर. गंमत अशी की ते गृहस्थ एनएफएलमध्ये एकही सामना खेळले नाहीत.

आता आजचे नियम. २०२० पासून बाद फेरीत १४ संघ जातात. उरलेल्या अठरांना पहिले अठरा क्रमांक, सर्वांत वाईट कामगिरीपासून वर चढत. त्यानंतर बाद फेरीत आधी हरलेले आधी: १९ ते २४ पहिल्या टप्प्यात हरलेले सहा, २५ ते २८ पुढचे चार, मग उपांत्य सामन्यांत हरलेले दोन, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, हरणारा ३१वा आणि विजेता शेवटी, ३२वा.

दोन संघ सारखेच हरले तर? इथला नियम मला फार आवडतो. तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी कसे होते, हे पाहतात. ज्याच्या वाट्याला दुबळे प्रतिस्पर्धी आले, तो आधी निवडतो. ऐकताना उलटं वाटेल, पण विचार करा. तुम्ही आणि मी प्रत्येकी चार सामने जिंकलो. तुम्ही बलाढ्य संघांशी लढून, मी लेच्यापेच्यांशी. मग खरा कमकुवत मीच, आणि मदतीची गरजही मलाच जास्त. तेही सारखं निघालं आणि बाकीच्या निकषांनीही सुटलं नाही, तर छापा-काटा. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स आणि ओकलंड रेडर्स यांच्यात नववा क्रमांक कुणाचा हे खरोखर नाणं उडवून ठरलं. तो फोर्टीनायनर्सना मिळाला. पुढच्या फेऱ्यांमध्ये मात्र बरोबरीतले संघ आपापसात जागा बदलत जातात, म्हणजे एकदा मागे पडलेला कायम मागे राहत नाही.

नशिबाला याहून जास्त वाव देऊन पाहिला होता. १९४७ ते १९५८ या काळात पहिली निवड चिठ्ठी काढून व्हायची. पहिल्याच वर्षी ती गेली बेअर्सना, म्हणजे १९४६च्या विजेत्यांना. बेल यांच्या मूळ हेतूला याने छेद गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. चिठ्ठी बंद झाली हे बरंच झालं.

आता पुन्हा ह्यूस्टनकडे. त्या दिवशी शिकागो बेअर्स मिनेसोटाकडून हरले. त्यांचे विजय तीन, पराभव चौदा. टेक्सन्सचेही विजय तीनच, पण पराभव तेरा आणि एक सामना बरोबरीत. बरोबरी अर्ध्या विजयासारखी मोजतात, म्हणून टेक्सन्स बेअर्सच्या किंचित वर गेले. ती बरोबरी झाली होती हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, २०-२०, आणि तीही याच कोल्ट्सशी!

लोक विचारतात, मग संघ मुद्दाम हरत नाहीत का? मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या मनात काय असेल, ते मी सांगू शकत नाही. पण मैदानावरचा खेळाडू का हरेल? पुढच्या वर्षी येणारा पोरगा कदाचित त्याचीच जागा घेणार असतो. क्रमांक संघाला मिळतो, त्याला नाही. आणि प्रशिक्षक? लव्ही स्मिथ यांना टेक्सन्सनी त्याच संध्याकाळी काढलं. त्यांनी जिंकलेल्या शेवटच्या सामन्याचा लाभ ज्या बेअर्सना झाला, त्याच बेअर्सना त्यांनी एकेकाळी सुपर बोलपर्यंत नेलं होतं.

क्रमांक ही विकता येणारी गोष्ट आहे, आणि खरा खेळ तिथे सुरू होतो. बेअर्सनी तो पहिला क्रमांक कॅरोलायना पँथर्सना दिला. मोबदल्यात घेतला त्या वर्षीचा नववा आणि ६१वा क्रमांक, २०२५ची दुसऱ्या फेरीतली निवड, डीजे मूर हा खेळाडू आणि पँथर्सची २०२४ची पहिल्या फेरीतली निवड. ही २०२४ची निवड कितव्या क्रमांकावर येईल, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पँथर्सनी ब्राइस यंगला घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर टेक्सन्सनी सी. जे. स्ट्राउडला घेतलं. स्ट्राउड आक्रमक फळीतला वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला, टेक्सन्स आपल्या गटात पहिले आले, बाद फेरीतला एक सामनाही जिंकले आणि रांगेत त्यांची जागा दुसरीवरून सत्ताविसावी झाली. पँथर्सनी त्या हंगामात दोन सामने जिंकले, पंधरा हरले. सगळ्या लीगमध्ये सर्वांत वाईट. म्हणजे २०२४चा पहिला क्रमांक त्यांचा.

पण तो त्यांनी आधीच देऊन टाकला होता. एप्रिल २०२४ मध्ये डेट्रॉइटला ड्राफ्ट सुरू झाला आणि पँथर्सच्या पंधरा पराभवांच्या जोरावर शिकागो बेअर्सनी पहिलं नाव घेतलं, केलेब विल्यम्स. बेअर्सचा स्वतःचा नववा क्रमांक अजून शिल्लकच होता.