कुत्र्याचं सामान: पैसे कुठे वाचवायचे, कुठे घालायचे

(कुत्रा पाळणाऱ्या आणि पाळू पाहणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पिल्लू घरी यायच्या आधीच लोक दुकानात जाऊन येतात. पिशवीत काय असतं? फुगीर गादी, तीन तऱ्हांचे ब्रश, सुगंधी स्प्रे, आपोआप गुंडाळली जाणारी दोरी. गोचिडाचं औषध मात्र ‘पावसाळ्यात बघू’ म्हणून राहून गेलेलं असतं. मी आज याच्या बरोबर उलट सांगणार आहे. बहुतेक सामान घरातच सापडतं, नाहीतर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. तिथे वाचलेला पैसा तीन ठिकाणी घाला: लसी, गोचिडाचं औषध आणि नखं कापायचं चांगलं कटर.

आधी शिकवण्याचं बघू. त्यासाठी लागतो खाऊ, आणि तो वाटाण्याएवढाच हवा. मोठा तुकडा दिला की कुत्रा चावत बसतो आणि आपण काय शिकवत होतो ते विसरतो. एक उकडलेलं अंडं बारीक चिरलं तर सहज चाळीस तुकडे होतात. मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, पनीर, गाजर, काकडी, सगळं चालतं. फुटाणे सोलून, अर्धे करून द्या, पण थोडेच. जास्त झाले की रात्रभर घरातल्यांना वास सोसावा लागतो. सुका जवळा चिमूटभर दिला तर वासानेच कुत्रा जागेवर येतो, मात्र खारवलेली मासळी नको. द्राक्षं, बेदाणे, मनुका, चॉकलेट आणि कांदा-लसूण घातलेलं काहीही बंद. शुगर-फ्री पदार्थांत झायलिटॉल असू शकतं, तेही विषच. चहाबरोबरच्या ग्लुकोज बिस्किटाने कुत्रा मरत नाही, पण साखर आणि मैद्याचा खाऊ रोज कशाला?

दिवसभरातला खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. सोपी युक्ती अशी: सकाळीच दिवसाचं अन्न मोजून ठेवा, त्यातलं थोडं शिकवण्यासाठी बाजूला काढा, आणि उरलेलंच ताटलीत घाला. कोरडं खाद्य देत असाल तर वेगळा खाऊ लागतही नाही.

आता खुणेचा आवाज, म्हणजे ‘बरोबर केलंस, खाऊ येतोय’ हे कुत्र्याला सांगणारा आवाज. त्यासाठी क्लिकर, म्हणजे दाबल्यावर ‘टक्’ वाजणारी छोटी डबी मिळते, पण खटका असलेलं बॉलपेन तेच काम करतं. पेन नको असेल तर एक छोटा शब्द ठरवा, ‘हां’ म्हणा. पहिल्या दिवशी काहीच शिकवायचं नाही. ‘हां’ म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा, असं दहा-पंधरा वेळा. शब्द ऐकल्याबरोबर मान तुमच्याकडे वळली की समजा काम झालं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आवाजाच्या आधीच हात खिशाकडे जातो. मग कुत्रा आवाज ऐकायचा सोडून हाताकडे बघायला शिकतो आणि खिसा रिकामा असला की ऐकत नाही. आधी आवाज, मग हात. आणि आवाज कृतीच्या त्याच क्षणी व्हायला हवा. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर बक्षीस बसण्याऐवजी उठण्याला मिळतं.

‘बस’ शिकवताना तुकडा नाकाशी धरा आणि डोक्यावरून हळूच मागे न्या. नाक वर जातं, ढुंगण खाली येतं. टेकलं की ‘हां’. उडी मारत असेल तर तुमचा हात फार वर आहे, मागे सरकत असेल तर त्याच्या पाठीशी भिंत येईल असे उभे राहा. सात-आठ वेळा जमलं की रिकाम्या हाताने तीच खूण करा आणि बक्षीस दुसऱ्या हाताने द्या. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत, दिवसातून तीनदा, जेवणाच्या आधी. घरात शब्द एकच ठेवा. आजी ‘बस’ म्हणते, मुलं ‘सिट’ म्हणतात, बाबा ‘बस बस बस’ म्हणतात. मग कुत्रा तिसऱ्या ‘बस’लाच बसायला शिकतो, आणि त्यात त्याची चूक काहीच नसते.

दोरीकडे येऊ. खाटेला लावतात ती सुती नवार, एक इंच रुंद, सव्वादोन मीटर घ्या. एका टोकाला फिरता हूक, दुसऱ्या टोकाला हातात धरायची कडी. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी शिलाई मारून घ्या. रिबिट मारू देऊ नका, तिथूनच नवार फाटते. हूक पितळी किंवा स्टीलचा बघून घ्या. स्वस्त हुकाची स्प्रिंग पावसात गंजते आणि नेमकी रस्त्यावर दगा देते. गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जावीत. पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासा, ती बघता बघता वाढतात. गुंडाळती दोरी शिकवण्याच्या काळात नकोच: ती कायम ताणलेली असते, म्हणजे ओढलं की दोरी लांबते हाच धडा कुत्रा रोज गिरवतो. साखळीही नको, आणि गळा आवळणारी तर मुळीच नको. बोलावल्यावर येण्याचा सराव मोकळ्या मैदानात करायचा तर आठ-दहा मीटर सुताची दोरी पुरते. ती गळपट्ट्याला बांधू नका, छातीच्या पट्ट्याला बांधा, कारण धावत सुटलेल्या कुत्र्याच्या मानेला बसणारा हिसका वाईट असतो.

ओढाओढीवर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. दोरी ताणली की थांबा, सैल झाली की चाला. पहिल्या आठवड्यात फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जायला पंधरा मिनिटं लागतील, म्हणून हा सराव सकाळच्या घाईच्या फेरीत करू नका. त्याला शी-शू झालेली असावी आणि तुम्हाला ऑफिस गाठायचं नसावं.

आता ग्रूमिंग, म्हणजे केस-नखांची निगा. इथे सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे हात लावून घ्यायची सवय, आणि तीच बहुतेकांकडे नसते. चांगला ब्रश, चांगलं कटर असूनही कुत्रा पलंगाखाली जातो, कारण पंजा धरला की काहीतरी वाईट होतं एवढंच त्याला ठाऊक असतं. रोज पाच मिनिटं द्या. खांद्यावर हात ठेवा, तो खाली पंजापर्यंत सरकवा, एक सेकंद पंजा धरा, ‘हां’, तुकडा, सोडा. चारही पाय झाले की कानाची पाळी उलटून बघा, ओठ उचला, शेपटीखाली हात फिरवा. पाय ओढून घेतला तर लगेच सोडा आणि पुढच्या वेळी कमी वेळ धरा. धरून ठेवायची कुस्ती एकदा सुरू झाली की ती प्रत्येक वेळी खेळावी लागते.

पंजा आरामात देऊ लागला की नखांना हात घाला. माणसांच्या नेलकटरने पिल्लाची कोवळी नखं निघतात. मोठ्या कुत्र्याचं नख गोल असतं, ते त्यात चिरडतं आणि उभं फाटतं. म्हणून कात्रीसारखं, धारदार कटर घ्या. पांढऱ्या नखात आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते, तिच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचं. काळ्या नखात काही दिसत नाही, तिथे मिलिमीटरभर चकत्या काढत जा आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेला भाग समोरून बघा. सुरुवातीला तो कोरडा, भुरकट दिसतो. मग मध्ये गडद, ओलसर ठिपका दिसू लागतो. ठिपका दिसला की थांबा, पुढच्या चकतीला रक्त येतं. आलंच तर कॉर्नफ्लॉवर नखावर दाबून चार-पाच मिनिटं धरा, मधे मधे उचलून बघू नका. तुरटीची पूडही चालते, थोडी झोंबते. पुढच्या पायांना आतल्या बाजूने वर एक अंगठ्याचं नख असतं. ते जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही आणि वळून कातड्यात घुसतं. तपासणीत सगळ्यात जास्त वेळा सुटतं ते हेच.

कटरला अजिबात तयार नसलेल्या कुत्र्यासाठी दीड फूट लांब फळी घ्या, तिच्यावर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर फेव्हिकॉलने चिकटवा आणि फळी तिरकी धरा. खाली खाऊ दाबून ठेवला की कुत्रा पंजाने खरवडतो. खरवडलं की ‘हां’. दोन-चार दिवसांत तो आपणहून पुढच्या पायांची नखं घासू लागतो. तळव्याची गादी घासली जात नाही ना, एवढं बघा. मागच्या पायांना मात्र कटरच लागतं.

ब्रश केसांप्रमाणे घ्या. आपला गावठी कुत्रा, लॅब्राडोर, बीगल यांना रबराचा दातेरी ब्रश पुरतो, आठवड्यातून दोनदा. पॉमेरेनियन, शिट्झू, गोल्डन यांना बारीक वाकड्या तारांचा ब्रश आणि स्टीलचा कंगवा, दोन्ही हवेत. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा छान दिसतो आणि आत कातड्याशी गुंत्यांचा घट्ट नमदा तयार होत असतो. म्हणून एका हाताने केस वर धरा आणि खालून थोडे थोडे सोडत विंचरा. कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच झालं. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या मागे आधी बघा, गुंते तिथेच होतात.

आणि उवांची फणी टाकून देऊ नका. पिसवांसाठी तिच्याइतकं चांगलं हत्यार दुकानात नाही. शेपटीच्या बुडाशी फणी फिरवा, जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू एकही दिसली नाही तरी पिसवा आहेत. काळाच राहिला तर माती.

उन्हाळ्यात जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन यांची हजामत करायची लाट येते. कृपा करा, ते करू नका. त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा थर उन्हापासून वाचवतो. मुळापासून काढला तर कातडं भाजू शकतं आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. आतला गळणारा थर ब्रशने काढा, त्याने हवा खेळते.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा भरपूर झाली. गुंते आधी सोडवा, पाणी लागलं की ते आवळतात. कुत्रे पाण्यापेक्षा घसरण्याला जास्त घाबरतात, म्हणून बाथरूममध्ये गोणपाट किंवा जुना टॉवेल ओला करून अंथरा. समोरच्या टाइलवर नाकाच्या उंचीला चमचाभर दही फासा, तो चाटत बसला की तुमचे दोन्ही हात मोकळे. शाम्पू कुत्र्याचाच घ्या, माणसांच्या कातड्याला जमणारी आम्लता त्यांना कोरडं पाडते. एक भाग शाम्पू, दहा भाग कोमट पाणी असं जुन्या बाटलीत हलवून घेतलं तर छोटी बाटली महिनोन्‌महिने पुरते आणि धुवूनही लवकर निघतं. फेस आणायला जितका वेळ लावलात त्याच्या दुप्पट वेळ धुवा. अंघोळीनंतरची खाज पुष्कळदा राहिलेल्या शाम्पूची असते. जंतुनाशक द्रावण, कपड्यांची पावडर, फिनेल यांतलं काहीही पाण्यात घालू नका. पुसायला सुती पंचे दोन. कानात काडी घालायची नाही, बाहेरून कापसाने टिपा.

आता गोचीड, जिथे काटकसर नको. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरात राहते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या किंवा पलंगाच्या फटीत शिरते आणि तिथे हजारांनी अंडी घालते. म्हणजे अंगावर दहा दिसल्या तर त्याहून कितीतरी घरात आहेत. म्हणूनच नुसत्या वेचून त्या संपत नाहीत आणि कडुलिंबाच्या पाण्यानेही हटत नाहीत. त्यांच्यामुळे होणाऱ्या तापात प्लेटलेट उतरतात, आणि त्या उपचाराच्या पैशात औषधाचे कित्येक महिने निघतात. एखादी दिसली तर चिमटा कातड्याला लागून धरा, सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. नखाने चिरडू नका. रॉकेल, तेल, पेटती काडी हे प्रकार विसरा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली आणि काखेत रोज बघा. अंथरूण कढत पाण्यात धुवा, फटी झाडून-खरवडून काढा आणि त्या बुजवून टाका.

गोठ्यातलं औषध झाकणाच्या अंदाजाने कुत्र्याला लावणारे पुष्कळ आहेत. त्याची तीव्रता जनावरांसाठी ठरवलेली असते, विषबाधा होते. आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचं इंजेक्शनही स्वतःच्या डोक्याने देऊ नका. कोलीसारख्या कुत्र्यांच्या जातींना ते जीवघेणं ठरू शकतं. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध आणूच नका.

काही प्रश्न आलेत. दात: मऊ, लहान मुलांचा ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेलं ओलं फडकं, फक्त बाहेरची बाजू, शक्यतो रोज, कारण दातांवरचा थर दोन-तीन दिवसांतच कडक होऊ लागतो. आपली टूथपेस्ट नको, तो ती गिळतो. शिजवलेली हाडं नकोत, ती टोकदार फुटतात.

घरात शू केली तर? आधी कागदाने टिपा, मग एन्झाइमचा क्लीनर, तो नसेल तर अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर. अमोनियाचा क्लीनर नको, त्याचा वास मुतासारखा लागतो आणि पिल्लू तिथेच परत येतं. झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या, निम्मं काम तिथेच होतं.

शेवटचा प्रश्न: घरी दोन कुत्रे आहेत, मोठ्याची गोचिडाची गोळी आणून अर्धी अर्धी दिली तर पैसे वाचतील का? देऊ नका. गोळी वजनाच्या गटाप्रमाणे बनवलेली असते आणि औषध तिच्यात सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही. एकाला कमी पडेल, दुसऱ्याला जास्त होईल. दोघांना तराजूवर तोला. काटा घरचाच चालेल: आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करा. ते आकडे डॉक्टरांना सांगा. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर तेही आधीच सांगा, कारण या गोळ्यांतल्या एका गटाने फिट येऊ शकते आणि मग त्याच्यासाठी दुसरं औषध निवडावं लागतं.