पेपरातून पडलेली थंडी

मंडळी, हे पत्रक मी मुद्दाम बरोबर आणलं आहे. मागच्या आठवड्यात सकाळी पेपर उघडला आणि ते मांडीवर पडलं. पहिल्या पानावर निफाडचा पारा घसरल्याची बातमी, आणि आत हे गुलाबी पत्रक: ‘लुधियाना वूलन महासेल, फक्त 3 दिवस’. आपल्या नाशिककरांना थंडी पटवून द्यावी लागत नाही. विकणारा फक्त सकाळ नेमकी निवडतो. अंगावर काटा आणायचं काम बातमीनं आधीच केलेलं असतं.

आता चित्र बघा. कानटोपी घातलेलं बाळ आणि त्याला उराशी धरलेली आई. स्वेटरची वीण दिसत नाही, गळा दिसत नाही, बटणं दिसत नाहीत. स्वतःसाठी घेताना आपण ‘गेल्या वर्षीचा आहे की’ म्हणून थांबतो. लेकरासाठी किंवा म्हाताऱ्या आईवडिलांसाठी घेताना तसं म्हणायला जीभ रेटत नाही. पत्रकाचा सगळा भर आपल्या या मायेवर आहे.

किंमतही तशीच. 1,299 वर फुली, खाली ठळक 499. तो स्वेटर 1,299 ला कधी विकला गेला होता का, हे आपण विचारत नाही. मग 499 ची तुलना शेजारच्या दुकानाशी होत नाही, त्या फुली मारलेल्या आकड्याशी होते. घरी येऊन आपण सांगतो, ‘आठशे रुपये वाचले.’

पण मला सगळ्यात जास्त खटकतो तो ‘वूलन’ हा शब्द. लुधियाना हे लोकरी होजियरीचं मोठं केंद्र आहे, तेवढं खरं. बाजारात मात्र थंडीत घालायच्या कुठल्याही कपड्याला वूलन म्हणतात आणि स्वस्तातले बरेचसे स्वेटर ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. ॲक्रिलिकला मी नावं ठेवत नाही. ते हलकं असतं, धुवायला सोपं, त्याला कसर लागत नाही. लोकरीचा गुण वेगळा: स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषूनही ती अंगाला ओली लागत नाही. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवत फिरणाऱ्या माणसाला हा फरक अंगावर कळतो. पैसे मोजण्याआधी त्याला तो कागदावरही कळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत अटी आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत 2022 साली मार्गदर्शक तत्त्वं आली. दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत आणि त्याच टंकात हवा, असं ती सांगतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अशा जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी 1915 हा क्रमांक आहे, लिहून घ्या.

रविवारी आईला घेऊन त्या सेलला गेलो. तिनं आयुष्यभर घरच्यांचे स्वेटर विणले आहेत. एक मरून स्वेटर हातात घेऊन तिनं बोटांनी चुरगळला, मग विकणाऱ्याला विचारलं, “लोकरीचा आहे का हो?” “वूलनच आहे आजी, एकदम गरम.” तिनं आतली शिलाई उलटली आणि पट्टी माझ्यापुढे धरली, कारण चष्मा घरी राहिला होता. मी वाचलं: 100 टक्के ॲक्रिलिक. आई त्याला म्हणाली, “मग तसं सांग ना बाळा. रंग छान आहे, नातीला घेईन मी.”